आजोबांची पाण्याच्या पाळीची वही परिशिष्टात टाकली आहे. आंतरविद्याशाखीय प्रबंध नेमका कसा लिहायचा?

पांझराकाठ (धुळे)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण जरा सविस्तर सांगितल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही.

मी तंत्रनिकेतनात चौदा वर्षं स्थापत्य अभियांत्रिकी शिकवते. पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू आहे. विषय आहे आमच्या भागातली फड पद्धत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपूर्वीचे दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या, चारीतून शेतापर्यंत सारंग. कालवे दोन किलोमीटरपासून बारा किलोमीटरपर्यंत लांब. भिजणारी सगळी जमीन साधारण चार भागांत वाटलेली, त्या एकेका भागाला फड म्हणतात. एका फडात त्या साली एकच पीक. कुठल्या फडात ऊस, कुठल्यात हंगामी पीक आणि कुठला पडीक ठेवायचा हे गाव बसून ठरवतं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. माझे आजोबा, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, साक्री तालुक्यातल्या आमच्या गावचे पाटकरी होते.

अभियंता म्हणून मी दहा महिने करंट मीटरने (पाण्याचा वेग मोजायचं यंत्र) चाऱ्यांचा विसर्ग, म्हणजे ठरावीक वेळात किती पाणी वाहतं ते, मोजलं. एक्केचाळीस शेतकऱ्यांच्या मुलाखती घेतल्या. गॅझेटियर वाचलं, मोडीतला एक कागद लिप्यंतर करून घेतला. मग पाच प्रकरणं लिहिली: इतिहास, जलविज्ञान, समाजरचना, अर्थकारण, धोरण.

गेल्या महिन्यात सादरीकरण झालं. अभियांत्रिकीचे तज्ज्ञ म्हणाले, आकडे ठीक आहेत, पण ही बाकीची गोष्ट कशाला? समाजशास्त्राच्या बाई म्हणाल्या, सैद्धांतिक चौकट कुठे आहे? इतिहासवाल्या सरांनी तर दोनच शब्द लिहिले: "साधनचिकित्सा नाही". घरी आले आणि प्रबंध पुन्हा वाचला, तेव्हा मलाच जाणवलं की एसटी स्टँडच्या बाकावर पाच अनोळखी माणसं शेजारी शेजारी बसावीत तशी ती पाच प्रकरणं बसली आहेत. एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत.

आता वहीचं. आप्पांची एक लाल कापडी बांधणीची वही आहे, २१४ पानांची. १९६१ ते १९७८ या काळातल्या पाण्याच्या पाळ्या तिच्यात आहेत: कुणाचं शेत, कुठली चारी, कधी सोडलं, कधी बंद केलं. वेळ घड्याळात नाही. "दिवस कासराभर", "दिवे लागले", "कोंबडा आरवला" असं लिहिलंय. काही पानांवर नावापुढे फुली आहे. निम्मी भाषा अहिराणी. शास्त्रीय मोजमाप नाही म्हणून मी ती परिशिष्ट 'ड' मध्ये टाकली.

माझे प्रश्न असे: या तीन शास्त्रांना एकत्र कसं बसवायचं? सुरुवात कुठून करायची? की सरळ अभियांत्रिकीपुरता विषय आखडता घ्यावा? मार्गदर्शक चांगले आहेत, पण तेही स्थापत्याचेच आहेत.

---

दाणेपाखड (पुणे)

ताई, विषय आखडता घेऊ नका. वही मात्र परिशिष्टातून आजच बाहेर काढा.

मी पुरावनस्पतीशास्त्रात काम केलं. उत्खननातली माती पाण्यात सोडायची, जळून कोळसा झालेले दाणे हलके म्हणून वर तरंगतात, ते बारीक चाळणीत धरायचे, सावलीत सुकवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं की गहू आहे, सातू आहे की कुळीथ. आयुष्यभर हेच केलं. आंतरविद्याशाखीय हा शब्द मी फार उशिरा ऐकला, पण ते काम माझ्या शिक्षकांच्या पिढीनं इनामगावात करून दाखवलं होतं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. मडकी बघणारे वेगळे, प्राण्यांची हाडं बघणारे वेगळे, माणसांचे सांगाडे बघणारे वेगळे, धान्य बघणारे वेगळे. पण प्रश्न सगळ्यांचा एकच: इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या या माणसांचं शेवटी झालं काय? उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इसवी सनापूर्वी १००० ते ७०० मध्ये, मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. नुसती घरं बघणारा म्हणेल, गरिबी आली. पण ती का आली हे सांगायला त्याला धान्यवाल्याकडे जावं लागतं, हाडंवाल्याकडे जावं लागतं, पाऊसपाण्याचा अभ्यास करणाऱ्याकडे जावं लागतं. एकाचं उत्तर दुसऱ्याशिवाय पुरं होत नाही, तेव्हाच त्या कामाला आंतरविद्याशाखीय म्हणावं. प्रत्येकानं आपापलं प्रकरण लिहून एकत्र बांधलं तर ते बहुविद्याशाखीय. तुमचं सध्या तेच झालंय.

म्हणून प्रकरणांची नावं आधी खोडा. "फड पद्धतीचा अभ्यास" हा प्रश्न नाही, तो विषय आहे. प्रश्न असा हवा की जो करंट मीटरने एकट्याने सुटत नाही आणि मुलाखतींनीही एकट्याने सुटत नाही. तुमची वही मला असा प्रश्न विचारताना दिसतेय. घड्याळ नसताना पाटकरी पाणी वाटायचा आणि लोक ते मान्य करायचे. ते वाटप खरोखर सारखं होतं, की सारखं आहे असं सगळ्यांना वाटत होतं? पहिल्या अर्ध्याला मोजमाप लागतं. दुसऱ्या अर्ध्याला माणसांशी बोलावं लागतं. आणि दोन्हींसाठी ती वही वाचता यावी लागते.

दुसरं, एक साधी वही घाला आणि त्यात शब्द लिहा. एकच शब्द तीन शास्त्रांत तीन अर्थांनी येतो आणि भांडणं तिथे होतात. तुमच्या शास्त्रात कार्यक्षमता म्हणजे सोडलेल्या पाण्यापैकी किती टक्के पिकाला पोचलं. गावाच्या दृष्टीनं ज्या फडात भांडण झालं नाही तो फड चांगला चालला. हे दोन अर्थ तुम्ही पहिल्या प्रकरणात समोरासमोर ठेवलेत, तर समाजशास्त्राच्या बाई मागतायत त्या चौकटीची निम्मी तयारी तिथेच होईल. 'फड' हाच शब्द घ्या. सोलापूर-सांगलीच्या वाचकाला फड म्हटलं की ऊसतोडीचा फड दिसतो, कुणाला तमाशाचा फड आठवतो. परीक्षक खानदेशातलाच असेल असं धरून चालू नका.

---

जुनाकागद (नाशिक)

ताईंना नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, मोडीचे वर्ग घेतो. "साधनचिकित्सा नाही" हा शेरा कडक वाटतो, पण त्यात शिकण्यासारखं आहे. तुमचा मोडी कागद किती सालचा धरलात, हे कृपया सांगाल का? लिप्यंतरात साल काय आलंय?

---

पांझराकाठ

सर, कागदावर "सन १२१८" आहे. मी त्यात ७८ मिळवून इ.स. १२९६ धरलं आणि बंधारा यादवकाळातला असावा असं लिहिलंय. चुकलं का?

---

जुनाकागद

चुकलं, पण ही चूक वेळेवर सापडली. ७८ मिळवायचे ते शालिवाहन शकात. कागदावर नुसतं "सन" असेल तर आधी ठरवायचं की तो सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना) आहे की फसली (महसुली वर्ष). सुहूर असेल तर ५९९ मिळवा, १८१७ येतं. फसली असेल तर ५९० मिळवा, १८०८ येतं. दोन्ही वर्षं मृगाच्या सुमाराला सुरू होतात, म्हणून महिना बघून एखादं वर्ष पुढे सरकतं. मूळ कागदाचा फोटो पुन्हा बघा. सुहूर असेल तर बहुतेक आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहिलेलं असतं: "समान अशर मयातैन व अलफ", म्हणजे आठ, दहा, दोनशे आणि हजार. लिप्यंतर करणाऱ्यानं तुमच्या सोयीसाठी त्याचा आकडा करून दिला असेल. काही असलं तरी तो कागद उत्तर पेशवाईतला आहे. यादवांशी त्याचा संबंध नाही. आणि कागद १८१७ चा म्हणून बंधाराही १८१७ चा, असंही होत नाही. कागद एवढंच सांगतो की त्या साली बंधारा होता.

साधनचिकित्सा म्हणजे हेच. कागद कुणी लिहिला, कशासाठी लिहिला, आणि त्याला काय सांगायचं नव्हतं? १८८० चं खानदेश गॅझेटियर तुम्ही वाचलंत हे उत्तम. पण ते सरकारनं राज्यकारभारासाठी लिहिलेलं आहे. त्यात पाटस्थळ, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या, जमिनीचा सारा सापडेल, रात्री चारीवर कोण उभं राहायचं ते सापडणार नाही. ते तुमच्या आजोबांच्या वहीत आहे. त्याच न्यायानं वहीलाही प्रश्न विचारा. आजोबा पाटकरी होते, त्यांनी स्वतःच्या चुका लिहिल्या असतील का?

एक विनंती. अशा लेखनात "विश्वेश्वरय्यांनी आमच्या फडावरून ब्लॉक सिस्टिम (जमिनीचे गट पाडून पाणी द्यायची पद्धत) उचलली" हे वाक्य हटकून येतं. तुमच्या मसुद्यात असेल तर तपासा. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले आणि सुरुवातीलाच त्यांनी खानदेशात पांझरेच्या पाटावर काम केलं, हे खरं. पुढे त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक सिस्टिम आणली, हेही खरं. या दोन खऱ्या वाक्यांच्या मधे "म्हणून" घालायला कागद लागतो. कागद हाती नसेल तर दोन वाक्यं शेजारी ठेवा, "म्हणून" घालू नका. धुळ्यात राहता, तर राजवाडे संशोधन मंडळात जाऊन बसा. १९२७ पासून ती संस्था तुमच्या गावात आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी बावीस खंडांत मराठ्यांच्या इतिहासाची साधनं छापली, व्याकरणावर लिहिलं, आणि धुळ्यातच १९२६ साली देह ठेवला. तुमच्या घरापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर हे सगळं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

---

पांझराकाठ

सर, फोटो काढून पाहिला. "समान अशर मयातैन व अलफ" असंच आहे. म्हणजे १८१७. यादवकाळाचं अख्खं पान मी काढून टाकतेय. आणि हो, विश्वेश्वरय्यांचं वाक्य होतं, "म्हणून"सकट.

---

तागडी (सांगली)

संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून आकड्यांबद्दल लिहितो.

दामोदर धर्मानंद कोसंबी मुळात गणिती. गोव्यात जन्म, १९०७. प्राचीन आहत (ठसे ठोकून केलेल्या) नाण्यांकडे वळले तेव्हा त्यांनी अशी गोष्ट मोजली जी नाणेशास्त्रज्ञ सहसा मोजत नसत. नाणं हातोहाती फिरतं तसं घासतं. जितकी वर्षं चलनात, तितकं सरासरी वजन कमी आणि नाण्यानाण्यातला फरक जास्त. म्हणून एकेक नाणं तराजूत घालून अख्ख्या साठ्याचा विचार केला तर कुठली नाणी आधीची, कुठली नंतरची याचा क्रम लावता येतो. ही कल्पना खरी आहे का हे बघायला त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही तोलली. मला ही पायरी फार मोलाची वाटते. दुसऱ्या शास्त्राची पद्धत उसनी आणायची तर ती आधी माहितीतल्या वस्तूवर चालवून बघायची. आणि तेच कोसंबी भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढण्याएवढं संस्कृत शिकले. दुसऱ्याच्या शेतात शिरायचं तर त्याचं औत धरता आलं पाहिजे, एवढी त्यांची तयारी होती.

तुम्हालाही हेच करता येईल. "दिवस कासराभर" ते "दिवे लागले" म्हणजे किती तास? आज गावात सत्तरी ओलांडलेले पाटाचे जाणकार असतील. त्यांना एकेकट्याला बसवून विचारा, एकमेकांसमोर नको. पौषात एकदा, वैशाखात एकदा. दिवे लागायची वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि सूर्यास्त कुठल्याही तारखेचा काढता येतो. सगळ्यांची उत्तरं अर्ध्या तासाच्या आत जुळली तर वहीतली वेळ तुम्हाला त्रुटीसकट तासांत मांडता येईल. मग तुमचा करंट मीटर वहीला जोडला जातो: चारी तीच, उतार तोच, विसर्ग आज मोजलेला, कालावधी तेव्हाचा. मधल्या काळात चारीचं अस्तर किंवा रुंदी बदलली असेल तर मात्र तसं स्पष्ट लिहा आणि आकडा एक न देता पट्टा द्या.

मुलाखतींबद्दल एक. एक्केचाळीस ही टक्केवारीची संख्या नव्हे, आणि तुम्ही त्या ओळखीतून निवडल्या असणार. "६३ टक्के शेतकऱ्यांच्या मते" असं लिहू नका. "एक्केचाळीसपैकी सव्वीस जणांनी" लिहा आणि उरलेले पंधरा काय म्हणाले तेही लिहा. बऱ्याचदा प्रबंध त्या पंधरांतच सापडतो.

---

कोरडवाहू (नंदुरबार)

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी. एकच विचारते. वहीत कोण नाही?

फडाबाहेर ज्यांची जमीन, त्यांना पाळीच नाही. ज्यांना जमीनच नाही ते तर कुठेच नाहीत. नावं बापांची आणि मुलांची असतील, पण रात्री दारे धरायला कोण जायचं? "गाव बसून ठरवतं" असं तुम्ही लिहिलंय. त्या बैठकीत कोण बसायचं? समाजशास्त्राच्या बाई चौकट म्हणाल्या ती हीच असावी. एलिनॉर ऑस्ट्रॉम वाचा. राज्यशास्त्राच्या अभ्यासक, २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामायिक संसाधनं लोक स्वतःच्या नियमांनी कशी टिकवतात हे त्यांनी दाखवलं आणि टिकलेल्या व्यवस्थांमधली आठ तत्त्वं मांडली. पहिलंच तत्त्व सीमेचं आहे: हक्कदार कोण आणि कोण नाही हे स्पष्ट असणं. व्यवस्था टिकायला ते हवंच, पण बाहेर राहिलेल्याला ती सीमा कशी दिसते हेही तुम्हीच विचारायला हवं, कारण तुम्ही आतल्या घरातल्या आहात.

आणि त्या फुल्या कसल्या? पाणीचोरीच्या असतील तर जपून. ती माणसं नसली तरी त्यांची नातवंडं गावात आहेत. नावं बदला, शेतांना खुणेचे क्रमांक द्या, आणि त्या घरांना छापण्याआधी वाचून दाखवा.

---

पांझराकाठ

तुमच्या शेवटच्या ओळीनं मला दोन दिवस झोप लागली नाही. फुल्या पाणीचोरीच्याच आहेत. त्यातली एक आमच्याच भाऊबंदांच्या नावापुढे आहे. मी स्कॅन जशाच्या तशा जोडल्या होत्या. आज काढल्या.

काल आत्याकडे गेले होते. तिला विचारलं, रात्री दारे कोण धरायचं? ती म्हणाली, "मी आन् तुझी आजी. आप्पा कालव्यावर, आम्ही सारंगावर. कंदील मी धरायची." मग तिने जे सांगितलं ते वहीत कुठेच नाही. सारंगाच्या तोंडाशी एक चपटा दगड होता, पाणी त्याच्या वर चढलं की आजी हाक मारायची आणि दार फिरवायचे. ती हाक ऐकून आप्पा पुढच्याचं नाव लिहायचे. म्हणजे वहीतला "बंद" हा शब्द आजीच्या हाकेचा आहे. चौदा वर्षं मी पोरांना खाचेवरून विसर्ग कसा मोजायचा ते शिकवते, आणि आमच्या घरात पाणी मोजायचा दगड होता हे मला ठाऊक नव्हतं. आत्याला घेऊन जागेवर गेले. चारी सिमेंटची झाली आहे, पण दगड कडेला पडलेला सापडला. त्याची उंची टेपने मोजली, जुन्या सारंगाची रुंदी आत्याने पावलांनी दाखवली.

---

दाणेपाखड

ताई, आता लिहायला बसा. पहिलं वाक्य कसं लिहिलंय ते इथे टाकाल का?

---

पांझराकाठ

आधीचं होतं: "प्रस्तुत संशोधनात फड सिंचन पद्धतीच्या विविध पैलूंचा बहुआयामी परामर्श घेण्यात आला आहे."

आता असं केलंय: "१९७२ च्या कार्तिकात साक्री तालुक्यातल्या एका फडात एकाही शेतकऱ्याने ऊस लावला नाही, त्या वर्षीच्या पाळीच्या वहीत मात्र पाणीचोरीची फुलीही एकच आहे."

---

दाणेपाखड

हेच ठेवा. दुष्काळात चोरी का वाढली नाही, हा तुमचा प्रश्न झाला. तो अभियांत्रिकीच्या तज्ज्ञांनाही "गोष्ट" म्हणून सोडून देता येणार नाही, कारण किती पाणी होतं हे सांगितल्याशिवाय त्याचं उत्तरच सुरू होत नाही. एक सावधगिरी: त्या साली चोरी झालीच नाही, की आप्पांनी फुली मारायचं सोडलं, हे दोन्ही तपासा. जुनाकागद सरांनी विचारलेला प्रश्न तोच आहे.

आणि तळटीप की कंसात लेखक-वर्ष की चौकोनी कंसात आकडा, यावरून तिन्ही विभाग तुम्हाला तीन गोष्टी सांगतील. विद्यापीठाच्या नियमात असेल ती एक पद्धत धरा, मूळ कागदपत्रांसाठी तळटीपा मागून घ्या, आणि सगळ्या नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. ते फुकट आहे, आणि उद्या पद्धत बदलायला सांगितली तरी एका क्लिकवर बदलते. यावर याहून जास्त वेळ घालवू नका.

---

पांझराकाठ

झोटेरो आज उतरवून घेतलं. नवा आराखडा तीनच प्रकरणांचा आहे: पाणी किती होतं, ते वाटलं कसं, आणि कुणाला मिळालं नाही. समाजशास्त्राच्या बाईंना फोन केला, त्या सहमार्गदर्शक व्हायला तयार आहेत. गुरुवारी पुन्हा गावी जातेय. गावात चार म्हातारी माणसं आहेत, त्यांना वेगवेगळं बसवून "दिवस कासराभर" म्हणजे नेमकं केव्हा ते विचारणार. आत्या म्हणाली, पाचवी मी.